नक्षीचा पिक्चर

सिनेमा सुरू झाला, दारं लागली, की थिएटरचे मालक ऑफिसात जाऊन पंख्याखाली बसतात. मी पाहिलेले सगळे मालक असेच. आमच्या अक्का मात्र नेमक्या त्याच वेळी ऑफिसातून बाहेर पडायच्या. पदर कमरेला खोचायच्या, चष्मा सारखा करायच्या आणि थेट समोरच्या पायऱ्यांवर जायच्या. पायऱ्यांवर बाप बसलेले असायचे. पोरांना आत सोडून, मोबाईल काढून, पिक्चर सुटायची वाट बघत बसलेले. सुट्टीत सुपरहिरोचं कार्टून लागलं की हे ठरलेलंच. आया निदान पोरांबरोबर आत जायच्या. बापे बाहेर.

अक्का पहिल्या बापासमोर जाऊन उभ्या राहायच्या.

"आत बसा की."

"पोरगं बसलंय की आत. आमी कशाला कार्टून बगायचं?"

"पोरगं बाहेर आलं की घरापर्यंत त्याच पिक्चरचं बोलणार. तुम्ही काय बोलणार?"

"व्हय व्हय म्हणायचं."

"रस्ताभर?"

बाप ओशाळं हसायचा. मग अक्का आवाज खाली आणून म्हणायच्या, "तिकीट मागत नाही तुम्हाला. उन्हात कशाला बसायलात? जावा."

निम्मे बाप लाजेकाजेनं उठायचे, काही आतल्या गार हवेसाठी उठायचे. सोलापूरच्या मे महिन्यात तेही कारण पुरेसं होतं. जे अजिबात उठायचे नाहीत त्यांच्या शेजारी अक्का स्वतः बसायच्या आणि आत पडद्यावर आत्ता काय चाललं असेल ते सांगायला लागायच्या. पिक्चर त्यांनी पहिल्याच खेळाला पाहिलेला असायचा. हिरो कुठं अडकलाय, खलनायकाला काय पाहिजे, मागं कोण लपलंय. सांगता सांगता ऐन गोष्टीत थांबायच्या. "पुढचं आत आहे," म्हणायच्या आणि उठून दुसऱ्या पायरीवर जायच्या. मागं वळून बघायच्याही नाहीत.

ही आमची मालकीणबाई. पूर्व भागातल्या एका जुन्या एकपडदा टॉकीजची. घरचं बोलणं तेलुगू, घरचा धंदा चादरींचा; टॉकीज यजमानांनी हौसेनं घेतलेली. यजमान गेले, धाकटे दीर कारखाना बघायला लागले आणि टॉकीज अक्कांनी चालवायला घेतली. मालकी मात्र दोघांची. मी अकलूजकडचा, बी.कॉम. झालेला, नोकरी शोधत शहरात आलेला. मला त्यांनी मॅनेजर म्हणून ठेवलं. डोअरकीपरपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. त्या मला नावानं कधीच हाक मारत नसत. "मॅनेजर" म्हणायच्या, तेही अहोजाहो करून. माझं लग्न झालं तेव्हा आशीर्वाद देतानाही "सुखी राहा, मॅनेजर" असंच म्हणाल्या. माझी बायको अजून त्यावरून हसते.

थिएटरची मालकीण असून अक्कांना सिनेमा आवडत नसे. म्हणजे माणसांचा सिनेमा. मोठ्या नटाचा पिक्चर लागला, बाहेर फटाके वाजले, ढोल वाजला, तरी त्या ऑफिसात मेथी निवडत बसायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "तो माणूस खरा, त्याची बायको खोटी, त्याचं रडणं खोटं. मला नाही जमत ते." पण हातानं काढलेल्या सुपरहिरोचा पिक्चर आला की त्या ठेवणीतली साडी नेसून, केसात गजरा माळून यायच्या. कार्टून हा शब्द त्यांना चालत नसे. कोणी तो उच्चारला तर ऐकलंच नाही असं दाखवायच्या. त्यांचा शब्द होता नक्षीचा पिक्चर.

हा शब्द कुठून आला ते त्यांनी मला एकदा सांगितलं. त्यांचे वडील चादरींची नक्षी काढायचे. चौकटीचौकटीच्या मोठ्या कागदावर मोर काढायचा, हत्ती काढायचा, मग एकेक चौकट रंगवायची आणि त्यावरून माग चालायचा. लहानपणी चौकटी रंगवायचं काम अक्कांकडे असे. "मोर लई हळू यायचा," त्या म्हणाल्या. "सकाळी पाय, दुपारी पोट. तुरा यायला दुसरा दिवस. पण एकदा आला की मला वाटायचं, हा आता कागदावरून उतरून चालणार. कधी चालला नाही." मग म्हणाल्या, "लग्नानंतर यांनी मला पहिल्यांदा असला पिक्चर दाखवला. मॅनेजर, तो चालला की हो! माझ्या डोळ्यांसमोर चालला."

मी म्हणालो, "पण अक्का, आता ते हातानं काढत नाहीत. सगळं कॉम्प्युटर."

"माग पण आता लाइटवर चालतो," अक्का म्हणाल्या. "नक्षी कोणीतरी काढतंच की."

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. चित्र पहिल्या क्षणीच सांगून टाकतं की मी खोटं आहे. ते एकदा सांगून झालं की मग विश्वास ठेवायला आपण मोकळे. खरा माणूस पडद्यावर उडाला की आपण दोरी शोधतो. काढलेला माणूस उडाला की आपण आभाळ बघतो. मला हे तेव्हा गमतीचं वाटायचं. पुढं मल्टिप्लेक्समध्ये कामाला लागल्यावर कित्येकदा मी पडद्याकडे बघताना स्वतःला दोरी शोधताना पकडलं.

सुपरहिरोंची परीक्षाही त्यांच्या पद्धतीची. ताकद किती, शत्रू केवढा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. हिरो पिक्चरमध्ये एकदा तरी दमला पाहिजे. "न दमणारा माणूस कुणाला आवडतो?" हिरोला घर पाहिजे आणि घरात त्याला कोणीतरी रागावलं पाहिजे. एक हिरो अख्खं शहर वाचवून घरी येतो आणि आई आजारी पडलीय हे त्याच्या लक्षातच येत नाही, असा पिक्चर आला होता. अक्का मध्यंतरातच उठून आल्या. "उडता येतंय बाबाला, तांब्याभर पाणी देता येत नाही," म्हणाल्या. तो आठवडाभर त्या पायऱ्यांवर गेल्या नाहीत. बाप निवांत बसले.

आता धंद्याचं सांगायचं तर माझं आणि त्यांचं एका गोष्टीवर कधी पटलं नाही. मी म्हणायचो, हे पिक्चर थिएटरात चालणार नाहीत. पोरं घरी टीव्हीवर, टॅबवर दिवसभर तेच बघतात, त्यासाठी कोण बाहेर पडणार? मुंबईचे वितरकही हेच म्हणायचे. त्यांचा माणूस फोनवर नेहमी एकच सांगे, "सकाळी दहाचा एक शो द्या. शाळांना बोलवा. बाकी दिवसभर मोठा पिक्चर." अक्का स्पीकरवर ऐकत असायच्या. एकदा त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"दहालाच का?"

"मॅडम, लहान मुलांचा पिक्चर आहे."

"तुम्ही दहाला लावता म्हणून तो लहान मुलांचा आहे. संध्याकाळी सहाला लावला तर?"

"सहाला फॅमिली येते, मॅडम."

"फॅमिलीत लहान मुलं नसतात का तुमच्याकडं?"

तिकडून हसण्याचा आवाज आला आणि फोन ठेवला गेला. अक्का हसल्या नाहीत. त्या मला समजावून सांगायला लागल्या, जणू मी तो वितरक. पोरगं सातवीपर्यंत हा पिक्चर आवडीनं बघतं. आठवीत गेलं की मित्र चिडवतात, बच्चा म्हणतात, मग ते लाजतं आणि सोडतं. कॉलेजात चोरून मोबाईलवर बघतं, कोणाला सांगत नाही. लग्न होतं, पोर होतं. मग तेच पोरगं बाप होऊन आमच्या पायरीवर येऊन बसतं. "आत जायला लाजतंय ते," अक्का म्हणाल्या. "लहानपणी आवडत होतं हे कबूल करायला लाजतंय. हे बाप आत बसले की हा पिक्चर चालला. नाही बसले तर तुमचं खरं, दहाचा शो आणि शाळेची पोरं."

त्या बापांत एक रिक्षावाला होता, तो मला विशेष आठवतो. मुलीला घेऊन आलेला. मुलगी सात-आठ वर्षांची, दोन वेण्या. तिला आत सोडून तो रिक्षात पाय पसरून झोपायच्या तयारीत होता. अक्का रिक्षाशी गेल्या.

"अम्मा, मेरेकू नक्को वो कार्टून-बिर्टून," तो म्हणाला. "दिनभर गाडी चलाके आँखां दुखते."

"मग आत झोपा. अंधार आहे, खुर्ची मऊ आहे."

वैतागून तो आत गेला आणि खरंच झोपला. मी टॉर्च घेऊन बघून आलो. मान मागं टाकून घोरत होता, मुलगी त्याच्या खांद्याला टेकून पिक्चर बघत होती. मला बाहेर येऊन अक्कांना सांगताना फार आनंद झाला. "झोपलाय तुमचा बाप."

"झोपू द्या की," अक्का म्हणाल्या. "पोरीला शेजारी बाप मिळाला ना."

पण शेवटच्या अर्ध्या तासात तो जागा झाला असावा. सुटल्यावर बाहेर आला तो मुलीला विचारतच आला की त्या लोखंडी माणसाचा हात कशानं तुटला. मुलगी सांगत होती, तिला एवढं बोलायला कधी मिळालं नसावं अशी भराभर सांगत होती. दोघं रिक्षात बसले तरी बोलणं चालूच. दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा पुन्हा थिएटरसमोर उभी राहिली. या वेळी तो एकटाच होता. तिकीट घेतलं, आमच्याकडे न बघता आत गेला आणि पहिला अर्धा भाग बघून, मध्यंतर होताच बाहेर पडून सवारी शोधायला निघून गेला. अक्का ऑफिसच्या खिडकीतून बघत होत्या. मेथी निवडत राहिल्या, पण काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात जात होती.

मग ती दिवाळी आली.

त्या दिवाळीला एका मोठ्या नटाचा पिक्चर होता आणि त्याच आठवड्यात एक नक्षीचा पिक्चरही होता. दोन भावांची गोष्ट. एक डोंगराएवढा मोठा होऊ शकतो, दुसरा मुंगीएवढा लहान; दोघांचं भांडण झालंय आणि शहर बुडायला लागलंय. मोठ्या पिक्चरच्या वितरकानं निरोप दिला की चारही खेळ आम्हालाच द्या, नाहीतर पिक्चर मिळणार नाही. दिवाळीचा आठवडा म्हणजे आमच्यासारख्या टॉकीजची वर्षाची बेगमी. मी गृहीतच धरलं की चारही खेळ देणार. अक्का म्हणाल्या, "सहाचा आपला."

"अक्का, मग मोठा पिक्चरच जाईल हातातून."

"जाऊ दे."

मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोललो. म्हणालो, गावातली बाकीची थिएटरं फुल्ल होतील आणि आपण खुर्च्यांवरची धूळ पुसत बसू. स्टाफला दिवाळीत काय सांगायचं? अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅनेजर, मी एवढी वर्षं लोकांना पायरीवरून उठवून आत बसवायलीय. मला एकदा बघायचंय की लोक आपापले येतात का. दिवाळीला नाही बघितलं तर कधी बघणार? परीक्षेच्या दिवसांत?"

मोठा पिक्चर गेला, दोन भावांचा लागला. पहिले दोन दिवस मी म्हणालो तसंच झालं. सहाच्या खेळाला पुढच्या चार ओळी भरल्या, मागं सगळं रिकामं. तिसऱ्या दिवसापासून थोडं वेगळं दिसायला लागलं. कॉलेजची पोरं टोळीनं आली, पहिल्यांदा टिंगल करत, मग गप्प होऊन. एक म्हातारं जोडपं नातवाशिवाय आलं. यंत्रमागावरचे कामगार सुट्टी म्हणून आले आणि डोंगराएवढा भाऊ पाण्यात उभा राहून पूल धरतो तेव्हा उभं राहून ओरडले. पायऱ्यांवर कमी बाप दिसायला लागले. आठवड्याच्या शेवटी थिएटर अर्ध्याहून जास्त भरत होतं. अक्का रोज सहाला दाराशी उभ्या राहायच्या. कोणाला काही सांगायच्या नाहीत, नुसतं बघायच्या. मी त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं.

पण अर्धं थिएटर म्हणजे अर्धंच. बाकीच्या टॉकीजवर 'हाऊसफुल्ल'च्या पाट्या होत्या.

दीर आले ते गुरुवारी, पिक्चरच्या शेवटच्या दिवशी. माणूस वाईट नव्हता. कारखान्याला कामगार मिळेनात, मालाला गिऱ्हाईक मिळेना, अशा काळजीत असायचा. टॉकीज पाडून तिथं मंगल कार्यालय करायचं त्यांच्या मनात बरीच वर्षं होतं. दोघं घरी तेलुगूत बोलत, पण माझ्यासमोर अक्का मुद्दाम मराठीत बोलायच्या, मला परकं वाटू नये म्हणून.

"वदिना," दीर म्हणाले. वदिना म्हणजे वहिनी. "आता बोलायलाच पाहिजे. या दिवाळीला तुम्ही जे केलं..."

"बोलू की. आधी पिक्चर बघ."

"वदिना, मी पिक्चर बघायला आलो नाही."

"तू बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. तू माझं दोन तास ऐक, मग मी तुझं ऐकते."

दीर माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले. ते आत गेले. अक्का त्यांच्या शेजारी बसल्या नाहीत. त्यांना मधल्या ओळीत एकटं बसवून बाहेर ऑफिसात येऊन बसल्या. निवडायला भाजी नव्हती, म्हणून हात नुसते मांडीवर. आतून पोरांच्या ओरडण्याचा, हसण्याचा आवाज येत होता. अक्का प्रत्येक आवाजाला मान हलवायच्या. आत्ता काय चाललंय ते त्यांना बरोबर कळत होतं. मग एकदा बराच वेळ आत काहीच आवाज नाही. "मुंगीएवढा भाऊ मोठ्याच्या कानात शिरून सॉरी म्हणायलाय," अक्का हळूच म्हणाल्या.

सुटल्यावर दीर ऑफिसात आले. डोळे लाल होते. खुर्चीवर बसले, पाणी प्याले.

"चांगला आहे, वदिना. खरंच चांगला आहे. मला अण्णाची आठवण आली." अण्णा म्हणजे अक्कांचे यजमान. मग पेला खाली ठेवून म्हणाले, "पण कार्यालय करावंच लागेल. माझ्याकडं दुसरा उपाय नाही."

मला वाटलं आता भांडण होणार. मी मनातून अक्कांच्या बाजूनं तयारही झालो होतो. अक्का म्हणाल्या, "बरं. कर."

एवढंच. दीरही गोंधळले. चहा मागवला, घरच्या पोराबाळांचं बोलणं झालं, ते गेले. मग मी अक्कांवर चिडलो. म्हणालो, "मालकी निम्मी तुमची आहे. तुम्ही नाही म्हणाला असता तर त्यांना काही करता आलं नसतं."

"शेवटपर्यंत बसला तो," अक्का म्हणाल्या. "डोअरकीपर म्हणाला, मोबाईल पण नाही काढला. मी शब्द दिला होता, तू ऐक मग मी ऐकते. आता माझी पाळी आली तर मी पायरीवर जाऊन बसू?"

त्यांनी जिंकायला पाहिजे होतं असं मला आजही वाटतं. त्यांना मात्र त्या दिवशी आपण हरलो असं वाटलं नव्हतं. घरी जाताना त्या स्टाफसाठी पेढे सांगून गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात टॉकीज बंद झाली. मला शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये ड्यूटी मॅनेजरची नोकरी लागली. गणवेश, वॉकीटॉकी, गार हवा. पायऱ्या नाहीत, सरकता जिना. अक्का तिथंही यायला लागल्या. मोठ्या नातीला बरोबर घेऊन यायच्या, नंतर एकट्याच. जिन्यावर पाय ठेवताना कठड्याला घट्ट धरायच्या आणि वर पोचल्यावर "उडाले बघा मी" म्हणायच्या. आमच्याकडे नक्षीचे पिक्चर बऱ्यापैकी यायला लागले होते. कधी एखादा चालायचा, महिनाभर राहायचा, कॉलेजची पोरं त्यातल्या हिरोचे टी-शर्ट घालून यायची. त्याच्या पुढचा तीन दिवसांत उतरायचा. काहीच भरवसा नाही. मी त्यांना विचारायचो, "अक्का, यांचं काय होणार?" त्या म्हणायच्या, "होईल की. माणूस चालायला शिकायला किती वेळ लावतो?"

मग त्यांची तब्येत बिघडली. मूत्रपिंडाचा आजार, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. बरेच दिवस आल्या नाहीत. मी घरी भेटून आलो तेव्हा खाटेवर बसून होत्या, हात सुजलेले. मला म्हणाल्या, "तो नदीवरच्या नावाड्याचा कधी लागतोय?"

तो पिक्चर मला माहीत होता. एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट. त्याच्याकडे एक निळा हातमोजा असतो, तो घातला की पाणी त्याचं ऐकतं. पण प्रत्येक वेळी घातला की तो थोडा म्हातारा होतो. पिक्चर शुक्रवारी लागला आणि पडला. सोमवारी त्याचा एकच दुपारचा खेळ उरला होता. मंगळवारी उतरणार हे ठरलेलं होतं. सोमवारी दुपारी मी खाली बघितलं तर अक्का सरकत्या जिन्यापाशी उभ्या. ठेवणीतली साडी, आणि केस विरळ झाले होते तरी गजरा. मी धावत जाऊन हात दिला.

खेळाला एकच तिकीट गेलं होतं, त्यांचंच. मी म्हणालो, "काही हरकत नाही अक्का, खेळ लागेल. तुम्ही एकट्या आरामात बघा."

"एकटीनं बघायचं असतं तर घरी टीव्ही आहे," त्या म्हणाल्या आणि बाकावर टेकल्या.

समोरच मोठ्या पिक्चरच्या तिकीट खिडकीशी गर्दी होती. फुल्ल झाल्यामुळे लोक परत फिरत होते. अक्का बाकावर बसल्या बसल्याच बोलायला लागल्या. ओरडून नाही. जो जवळून जाईल त्याच्याशी, ओळखीचा असल्यासारखं. "हे पण मारामारीचंच आहे. बसा की. आलायच एवढ्या लांब, तर घरी कशाला जायलाय?" दोन नर्सबाया थांबल्या, सुट्टीवर आलेल्या. एक नवं लग्न झालेलं जोडपं थांबलं. उजनीकडचे तीन भाऊ होते, केळीची गाडी बाजारात रिकामी करून पिक्चरला आलेले, त्यातला थोरला म्हणाला, "आजी, लई लांबनं आलोय, पिक्चर चांगला हाय नव्हं?"

"मी अजून बघितला नाही," अक्का म्हणाल्या. "म्हणूनच सोबत पाहिजे."

ते आत गेले. त्यांचं बघून आणखी काही गेले. दिवे मालवले तेव्हा मागच्या दोन ओळी भरल्या होत्या. माझी ड्यूटी होती, तरी मी शेवटच्या अर्ध्या तासाला आत जाऊन दाराशी उभा राहिलो. नावाडी शेवटच्या वेळी हातमोजा घालतो, पूर ओसरतो आणि नाव रिकामीच काठाला लागते. केळीवाल्या थोरल्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

पडद्यावर शेवटची नावं सुरू झाली. असल्या पिक्चरमध्ये सगळी नावं संपल्यावर शेवटी एक छोटा तुकडा असतो, पुढच्या भागाची चाहूल देणारा. तोवर लोक थांबतात. शेवटपर्यंत बसलेल्या पिक्चरचा तो तुकडा अक्कांनी आजवर कधीच सोडला नव्हता. माझ्या डोअरकीपरनी लवकर दारं उघडली तर त्या ओरडायच्या. त्या दिवशी मात्र नावं सुरू होताच त्या खुर्चीचा आधार घेऊन उठल्या.

मी जवळ गेलो. "अक्का, शेवटचं राहिलंय."

"ते पुढच्या पिक्चरचं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "ज्यांना पुढचा बघायचाय त्यांनी बघावं. मला जरा खाली न्या."

मी डोअरकीपरला त्यांच्याबरोबर पाठवलं, आणि का कोण जाणे, मी स्वतः आतच थांबलो. तुकडा बघितला आणि मग जिन्यावरून पळतच खाली गेलो. अक्का रिक्षात बसल्या होत्या. रिक्षा सुरू झालेली, पण त्यांनी ती थांबवून धरली होती.

"बघितलं?" त्यांनी विचारलं.

"बघितलं."

"काय होतं?"

"काठावर एक लहान मुलगी येते. वाळूत तो हातमोजा पडलेला असतो. ती उचलते. तिच्या हाताला फार मोठा होतो. तरी घालते."

"पाणी ऐकतं तिचं?"

"तिथंच संपतं."

अक्का डोळे मिटून बसल्या. मला वाटलं त्यांना त्रास व्हायला लागला. मग त्यांनी डोळे उघडले आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर बोट टेकवून निघायची खूण केली.

"मुलगी आहे म्हणता?" रिक्षा हलता हलता त्या बाहेर वाकून म्हणाल्या. "मग चालतोय, मॅनेजर. लई चालतोय बघा तो. सहाला लावा."

त्या उन्हाळा लागायच्या आत गेल्या. पुढचा भाग काढायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही, असं परवाच कळलं. मी वरच्या ऑफिसला आत्ताच सांगून ठेवलंय, आला तर सहाचा शो.